कामगारवर्गाची पात

गहू पिवळ्याचा पांढुरका व्हायला लागला आणि नेमका तेव्हाच नवरा माळ्यावरून पडला. पडायला वर्षाचे बाकीचे दिवस मोकळे होते, पण त्याला तोच आठवडा सापडला. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, सहा आठवडे हलवायचा नाही. गव्हाकडं सहा आठवडे नव्हते. फार तर आठ दिवस होते, तेही आभाळ शहाण्यासारखं वागलं तर.

घरात माणसं तीन. ती, नवरा आणि सासू. मुलगी लग्न होऊन गेलेली. शेत तीन एकर, सगळं गव्हाखाली. नवरा बांधावरच्या झाडाखाली खाट टाकून पडल्या पडल्या देखरेख करायचा. देखरेखीला दोन हात लागत नाहीत, त्यामुळं हाड मोडल्यापासून ती दुप्पट वाढली होती.

दरवर्षी कापणीला मावशीची टोळी यायची. अकरा बाया. वीस पेंढ्या कापल्या की एक त्यांची, हा ठरलेला हिशेब. यंदा मावशीनं सांगितलं होतं, वीसला एक परवडत नाही, सोळाला एक द्या. मग शेतकरी सभेची बैठक झाली. ठराव झाला की वीसच्या खाली कुणी उतरायचं नाही आणि जो उतरेल त्याला सभेचं मळणीयंत्र मिळायचं नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत तिचा नवराही होता. तेव्हा त्याचे दोन्ही हात चालत होते.

तेव्हापासून टोळी रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाखाली बसून होती. कामाला जशा यायच्या तशाच, त्याच वेळेला, डोक्याला फडकी बांधून, मांडीवर विळे घेऊन. दिवस मावळायला उठून घरी जायच्या.

तिचं शेत नेमकं त्या झाडाला लागून. सकाळी शेतात जाताना ती मान खाली घालायची. या गावात लग्न होऊन आली तेव्हा विळा कसा धरायचा ते तिला मावशीनंच शिकवलं होतं.

अशात एका दुपारी सचिव दारात उभा राहिला. शेतकरी सभेचा सचिव म्हणजे तिचा चुलत दीर. शहरात तीन दिवसांचं शिबिर करून आला होता आणि खिशात एक लाल पुस्तिका होती.

"वहिनी, कामगारवर्ग आणलाय."

तिनं त्याच्या मागं पाहिलं. एकच माणूस होता. चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाला इस्त्री, खांद्याला कापडी पिशवी. हसावं की नाही याचा विचार करत उभा होता.

सचिवानं उभ्याउभ्या सगळं समजावलं. शहरातल्या यंत्रांच्या कारखान्यात एक्केचाळीस दिवस संप चालू आहे. गेट बंद. घरटी एक कामगार आपल्या कापणीला हात देईल, आपण त्यांच्या संपाच्या स्वयंपाकघराला धान्य देऊ. कामगार ही एक मूठ, शेतकरी ही दुसरी मूठ. त्यानं दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून दाखवल्या.

"माझी सध्या एकच चालते," नवरा खाटेवरून म्हणाला.

सासू आतून चहा घेऊन आली. "काय म्हणालास रे, कोण हा?"

"कामगारवर्ग, काकू."

"बरं. कामगारवर्ग, बस. चहा घे."

त्या माणसानं दोनदा आपलं खरं नाव सांगून पाहिलं. सासूनं दोन्ही वेळा नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे, कामगारवर्ग, साखर कमी असेल तर सांग." मग त्यानं नाद सोडला. या घरात तो कामगारवर्गच राहिला.

तो कारखान्यात घासकामावर होता. यंत्रातून दांडे खडबडीत यायचे, ते हा गुळगुळीत करून पुढं पाठवायचा. वीस वर्षं. केसाच्याही दहाव्या भागाइतका फरक हाताला कळतो, असं तो म्हणाला. नवऱ्यानं विचारलं, "गहू कापलाय का कधी?" तो म्हणाला, "नाही. पण हत्यार कळतं."

हे 'हत्यार कळतं' पुढं महागात पडायचं होतं.

ती गुरांना चारा आणायला गेली. परत येते तो ओट्यावर फडक्यात पाच विळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले. तेल लावून, गुंडाळून. सासू कौतुकानं सांगत होती, "दुपारभर दगड घेऊन बसला होता. एकदा उठला नाही. असं माणूस पाहिलं नाही मी." हे म्हणताना ती लेकाच्या खाटेकडं बघत होती. चारा वाहून सुनेची कंबर मोडून आली होती. फडकं न उलगडताच तिनं पुडकं दाराशी ठेवलं.

सकाळी शेतात फडकं उलगडलं. विळ्यात तोंड दिसत होतं.

नवऱ्यानं एक विळा डाव्या हातात घेतला, धारेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"दात कुठायत?"

"कसले?" कामगारवर्गानं विचारलं.

"विळ्याचे."

"ते काढले. फार खडबडीत झाली होती धार. आता बघा, एकसारखी. दाढी करता येईल."

वाळलेल्या गव्हाची काडी काचेसारखी असते. दातेरी विळा तिच्यात करकर शिरतो, ओढला की मूठ हातात येते. बिनदाताचा सटकतो. लोहार तीन गावं सोडून आणि तो सध्या दुसऱ्यांचे दात पाडण्यात गुंतलेला.

"दाढीच करायची वेळ येणार," नवरा म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

तिनं पात धरली. डावीकडची पट्टी तिची, शेजारची कामगारवर्गाची. विळा ओढला की काड्या वाकायच्या, कापायच्या नाहीत. मग हाणायला लागायचं. हाणलं की वरच्या ओंब्या हादरायच्या आणि पिकलेला दाणा झरझर खाली. दहा वाजेपर्यंत दोघांच्या मागची जमीन दाण्यांनी पिवळी झाली होती. कुठून तरी चिमण्या आल्या. त्यांचं मात्र या युतीबद्दल मत चांगलं दिसत होतं.

कामगारवर्ग कामचुकार नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. तो जीव तोडून हाणत होता. गुडघे ताठ, कमरेतून घडी, घामानं इस्त्री पार गेलेली. त्याच्या हाताला घट्टे होते, पण वेगळ्या जागी, त्यामुळं विळ्याची मूठ नेमकी मऊ कातडीवर यायची. अकराच्या सुमाराला फोड फुटला. त्यानं रुमाल गुंडाळला आणि परत हाणायला लागला. कुसळं मानेत शिरली की झटकून टाकण्याऐवजी तो खाजवायचा, म्हणजे ती आणखी आत.

"थांबा," शेवटी ती म्हणाली. "थांबा हो. आपण कापत नाही, पेरतोय."

तो वळून बघायला लागला. जमिनीवरचे दाणे त्याला तेव्हा दिसले. उकिडवा बसला, चार दाणे उचलले, तळहातावर घेऊन बघत राहिला. चेहरा असा झाला की तिलाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटायला आता वेळ नव्हता म्हणून रागही आला.

त्यानं पिशवीतून एक तिकोनी कानस काढली. संप सुरू झाला त्या दिवशी खिशात राहून गेली होती, म्हणाला. बांधावर बसला, विळा दोन पायांत दाबला आणि एक एक दात पाडायला लागला. तळहाताला रुमाल, तरी हात चळत नव्हता. किर्र. किर्र. एका विळ्याला तास लागला. पण दात असे पडले, इतके सारखे, की लोहारानं पाहिले असते तर धंदा सोडला असता.

तिनं ओढून पाहिला. काडी करकरून मुठीत आली. वर ओंबीला पत्ताही लागला नाही.

"बरं आहे," ती म्हणाली.

तेवढ्यावर तो दुपारभर खूश होता.

दुसऱ्या दिवशी कामाला लय लागली. त्याला गुडघे वाकवायचं कळलं. तीनच्या सुमाराला त्याची पात रस्त्याला भिडली. कळशीतलं पाणी संपलं होतं. तो विळा हातात घेऊनच झाडाखाली गेला. ती शेजारच्या पातीवर वीस पावलांवर होती. तिनं मान आणखी खाली घातली आणि हात भरभर चालवायला लागली. पण कान काही बंद करता येत नाहीत.

"मावशी, घोटभर पाणी मिळेल का?"

मावशीनं घागर पुढं केली. तो पीत असताना ती विळा बघत होती. "दात कुणी पाडले हे?"

"मी."

"झकास आहेत. आमच्या पोटात शिरायला एकदम बरे."

तो हसला, मग थांबला. "तुम्ही सगळ्या रोज इथं का बसता?"

"तू तिकडं शहरात का बसलायस?"

"आमचा संप आहे."

"मग आमची काय, सहल आहे?"

बाया हसल्या. एकीनं त्याला सोळा आणि वीसचं सगळं सांगितलं. सांगताना हसणं थांबलं. ठराव सांगितला, यंत्राचं सांगितलं, आणि शेतकऱ्यांना आता काळजी नाही, शहरातून फुकट कापणारे आलेत, तेही सांगितलं. कामगारवर्ग घागर धरून उभा होता. पुढचा घोट तसाच राहिला होता.

तो तिच्या पातीपाशी आला. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"गावाला माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. तिचं उत्तर तिलाच आवडलं नाही.

तो परत झाडाकडं गेला आणि एका कुणाला नाही, सगळ्यांनाच सांगितल्यासारखं बोलायला लागला. संपाच्या नवव्या दिवशी गेटवर एक ट्रक आला, बाहेरची माणसं भरून. हे सगळे ट्रकपुढं आडवे पडले. ट्रकमधला एक जण हात जोडून म्हणत होता, मला ठाऊक नव्हतं, मला फक्त काम आहे म्हणून सांगितलं. "त्याच्या तोंडावर मी थुंकलो. माझ्या या तोंडानं." तो मावशीसमोर उभा राहिला. "आता तुम्ही थुंका."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थुंकायलाही तोंडात ओल लागते, बाबा. सकाळपासून या झळांत बसलोय. आणि होतं ते पाणी तू प्यालास."

त्यानं विळा शर्टानं पुसला, धार आतल्या बाजूला करून बांधावर ठेवला आणि बायांच्या कडेला, दोन हात सोडून, जाऊन बसला. कुणी सरकून जागा दिली नाही. त्यानं मागितलीही नाही.

नवरा खाटेवरून ओरडला, "जेवायला आमच्याकडं आणि बसायला तिकडं?" पण तो जेवायलाही आला नाही. दिवस मावळल्यावर टोळी उठली तेव्हा तोही उठला आणि शाळेच्या ओसरीवर जाऊन निजला.

"कामगारवर्ग उपाशी आहे," सासू सकाळी म्हणाली आणि डबा सुनेच्या हातात दिला. स्वतः गेली असती, पण गुडघे दुखत होते. असली कामं निघाली की सासूचे गुडघे दुखायचेच.

ती डबा घेऊन झाडापाशी गेली. अकरा बाया बघत होत्या. त्यांच्यासमोर आपल्याच शेतातून उठून गेलेल्या माणसाला वाढायचं. तिनं डबा खाली ठेवला.

"एकट्यालाच आणलंस, सूनबाई?" मावशी म्हणाली.

कामगारवर्गानं डबा उघडून बायांपुढं सरकवला. तेवढ्यात सचिव सायकलवरून घामाघूम आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"अहो, हे काय चालवलंय? कामगार आणि शेतकरी यांची युती आहे आपली!"

"मग या कोण?" कामगारवर्गानं बायांकडं बोट दाखवलं.

सचिवानं पुस्तिका काढली, पानं चाळली. युतीत मजूर बाया नेमक्या कुठं बसतात ते पुढच्या भागात येणार होतं आणि पुढचा भाग अजून छापून आला नव्हता. "हा आपल्यातला अंतर्गत विरोध आहे," तो म्हणाला. "तो नंतर सोडवायचा असतो."

"नंतर म्हणजे कापणी झाल्यावर का?" मावशीनं विचारलं.

सचिवानं पुस्तिका खिशात घातली. ती घातल्यावर तो एकदम घरातल्यासारखा दिसायला लागला. "वहिनी, तुम्ही समजवा याला."

ती मावळतीकडं बघत होती. तिकडं आभाळाच्या कडेला शाईचं बोट उठलं होतं आणि वारा सुटला होता. वाऱ्यासरशी उभा गहू खुळखुळत होता. ती शेतात शिरली, एक ओंबी तोडून तळहातावर घेतली. चोळायच्या आधीच दाणे सुटे झाले. एवढंच. आज, उद्या. परवा फुकट कापा की सोळाला, कापायला काही राहणार नव्हतं.

ती खाटेपाशी आली. "मी सोळाला हो म्हणणार आहे."

"वेड लागलंय? मी हात वर केलाय ठरावाला. मळणीयंत्र मिळायचं नाही."

"यंत्रात घालायला गहू नको? का तुमचा हात घालू?"

नवऱ्यानं तोंड भिंतीकडं करावं तसं बांधाकडं केलं. तिकडंच बघत म्हणाला, "मला विचारलं नाहीस असं सांग सगळ्यांना."

"नाहीच विचारलं. सांगितलं."

झाडापर्यंतची वाट पन्नास पावलांची. ती उभी राहिली. बाया बसलेल्या.

"सोळा," ती म्हणाली.

मावशी उठली नाही. विळ्याच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत राहिली. "सभेचं काय?"

"सभा कापायला येते का?"

"आम्ही तर आता पंधरा म्हणणार होतो."

सचिव सायकल धरून ऐकत होता. तिला वाटलं खाली बसावं, इथंच, आणि गहू जाऊ दे. पाय तर दुखतच होते.

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. "थट्टा केली गं. बारीक झालीयस किती. उठा पोरींनो." पोरींतली सगळ्यात लहान पन्नाशीची होती. अकरा जणींचे गुडघे एकापाठोपाठ एक वाजले.

कामगारवर्गही उठला. "मावशी, आता मी कापू का?"

"तू नको. तुझी कापणी बघितलीय आम्ही रस्त्यावरून. तू बस आणि दात पाड."

त्यांच्या विळ्यांचे दात दहा वर्षांचे, झिजून नुसते आठवणीपुरते राहिलेले. तो बांधावर बसला. दोन पायांत विळा, हातात कानस. एक झाला की तो हाक मारायचा, जुना टाकून बाई नवा घेऊन जायची. किर्र, किर्र. शेतात अकरा विळे आणि तिचा बारावा. टोळीची पात म्हणजे एक वाकलेली ओळ होती. पुढं सरकताना फक्त पाठी दिसायच्या आणि मागं पेंढ्या.

सोळावी पेंढी बाजूला पडली की दर वेळी तिची नजर तिकडं जायची. खोटं कशाला बोला, मन मोठं झालं वगैरे काही नव्हतं. ती नुसती दमली होती. पण खाली बघावं तर मागची जमीन मातीच्या रंगाची होती. दाणे नव्हते. चिमण्या येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा पावसाचे थेंब आले, एकेक, रुपयाएवढे. शेवटच्या दोन पाती राहिल्या होत्या. त्या भिजल्या. बाकीचा गहू छपराखाली होता. ती छपराच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि तिथंच उभ्याउभ्या तिचा डोळा लागला.

कामगारवर्ग निघाला. सासूनं पिशवीत डबा घातला. मावशीनं टोळीच्या वाट्यातल्या दोन पेंढ्या त्याच्या खांद्यावर दिल्या. "तुमच्या स्वयंपाकघराला. मळून घ्या. यंत्रं आहेत ना तिकडं?"

"आहेत," तो म्हणाला. "बंद आहेत."

मावशी हसली. "मग हातानं मळा. हात तर रिकामेच आहेत."

तो बसच्या रस्त्यानं गेला. खांद्यावरच्या ओंब्या पाठीवर हलत होत्या. मानेत कुसळं शिरत असणार, पण या वेळी तो खाजवत नव्हता.

आठवड्यानं सचिव आला. हातात फळी, फळीला कागद. ती अंगणात पेंढ्या काठीनं झोडपत होती. मळणीयंत्र शेजारच्या अंगणात घरघरत होतं. त्याच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागायचं. तळहाताचे फोड फुटून कातडी आता घट्ट झाली होती, योग्य त्या जागी. सासू सुपानं पाखडत होती.

"वहिनी, अहवाल वर पाठवायचाय. कामगारवर्गानं या घराला काय मदत केली? किती दिवस कापलं?"

"दोन."

"दोनच? आणि बाकीचे?"

"बसला होता."

"बसला असं नाही लिहिता येत."

"तेच लिहा." तिनं काठी टेकली आणि पदरानं मान पुसली. "कापलं ते निम्मं चिमण्यांनी खाल्लं. बसला म्हणून गहू घरात आला."

सचिवाचं पेन कागदावर थांबलं. वर गेलं. परत खाली आलं. त्यानं काय लिहिलं ते दिसलं नाही, पण ते फार लांब नव्हतं.

"कामगारवर्ग परत कधी यायचाय?" सासूनं विचारलं.

"ते परिस्थितीवर आहे, काकू."

तिनं पुढची पेंढी ओढली, सोडून पसरली, काठी उचलली.

"सरका भावजी," ती म्हणाली. "डोळ्यात जाईल."